ओटीचा हिशेब : पिरंगुट ते हिंजवडी

मुळशी तालुक्यात जादा कामाच्या दोन तऱ्हा दिसतात. पिरंगुट-उरवड्याच्या कारखान्यांत ‘ओटी’ तासावर मोजतात. हिंजवडीच्या आयटी पार्कात बहुतेक ठिकाणी मोजतच नाहीत.

तास मोजायला लावण्यात कामगारांच्या पिढ्या खर्ची पडल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांच्या दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९४६मध्ये आठवडा ४८ तासांचा झाला आणि १९४८च्या कारखाने अधिनियमाने दिवसाच्या ९ किंवा आठवड्याच्या ४८ तासांपुढे दुप्पट मजुरी बांधून दिली. माझ्या मते हा दर म्हणजे मालकाला घातलेला लगाम होता : जादा तास महाग पडला, की तो नवा माणूस घेईल.

घडले उलटेच. कंत्राटी कामगाराचा मूळ पगार इतका तुटपुंजा, की गाडीचा हप्ता आणि पोरांची फी ओटीवरच भागते. ओटी बंद झाली तर आधी कुरकुरतो तो कामगारच. मालकालाही भरतीविना ऑर्डर पुरी करता येते. यात दोघांचा फायदा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ओटीच्या पैशावर पीएफ कापला जात नाही. म्हणजे आज हाती आलेल्या रकमेतून म्हातारपणासाठी काही साठत नाही. शिवाय बाराव्या तासाला मशीनवरचा हात पहिल्या तासाइतका सावध नसतो.

मर्यादा मात्र सैल होत गेली. राज्याने २०१५मध्ये तिमाहीची ओटी ७५ तासांवरून ११५वर नेली. सप्टेंबर २०२५मध्ये मंत्रिमंडळाने ती १४४ करायला आणि दिवस १२ तासांपर्यंत ताणायला मंजुरी दिली; कामगाराची लेखी संमती हवी, एवढी अट ठेवून. १९११चाच आकडा पुन्हा आला. ज्याचे घर ओटीवर चालते, त्याची संमती कितपत स्वखुशीची?

हिंजवडीत तेवढाही कागद नाही. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही दुप्पट दर आहे, पण व्यवस्थापकीय आणि गोपनीय पदे त्यातून वगळलेली. ‘मॅनेजर’ हे पद तिथे फार लवकर मिळते, ते उगीच नव्हे!

तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी पगाराची स्लिप काढा आणि ओटीचा दर खरोखर दुप्पट लागलाय का, ते तपासा. आपल्या तासांची नोंद आपल्या वहीतही ठेवा.