एक एकर घरच्या धान्यासाठी
मराठवाड्यात शेतीची बरीचशी कामे स्त्रिया करतात. पीक कोणते घ्यावयाचे, हे मात्र बहुधा पुरुष ठरवितात. एकट्या सोयाबीनवर भिस्त ठेवली आणि पावसाने ओढ दिली, तर घरात धान्यही उरत नाही. लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील महिला गटांनी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने यावर तोड काढली. कुटुंबाच्या जमिनीतून अर्धा-एक एकर मागून घेऊन त्या तेथे ज्वारी, तूर, मूग व भाजीपाला अशी मिश्र पिके सेंद्रिय खतावर घेतात. एक पीक गेले, तरी दुसरे हाती लागते. २०१७ मध्ये या संस्थेस संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ लाभला. तथापि, मागून घेतलेल्या जमिनीवरील हक्क कच्चाच असतो. सातबारा उताऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची तरतूद लक्ष्मीमुक्ती योजनेत आहे; तिची माहिती प्रत्येक ग्रामसभेत दिली जावयास हवी.