एमडीएफचं घर रंगवताना: सगळा खेळ पहिल्या थराचा

आजचा विषय आहे टेबलटॉप गेमिंगमधली लाकडी घरं. त्यांना प्रायमर कसा लावायचा आणि ती रंगवायची कशी, ते आज बघू.

हा छंद ज्यांना नवा आहे, त्यांच्यासाठी पटकन सांगतो. टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, टेपने अंतर मोजून ते पुढे सरकवायचे, फासे टाकायचे आणि लढाई लढायची. इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम म्हणजे या छंदाची पंढरीच. वॉरहॅमर काढणारी गेम्स वर्कशॉप तिथलीच. दुसऱ्या महायुद्धावरचा 'बोल्ट अॅक्शन' हा खेळ २०१२ मध्ये आला, तो काढणारी वॉरलॉर्ड गेम्ससुद्धा तिथलीच. आपण आज उदाहरण घेऊ १९४४ च्या नॉर्मंडीतल्या एका दुमजली दगडी घराचं. सैनिक २८ मिलिमीटरचे आणि घर लेझरने कापलेल्या एमडीएफच्या किटमधून जोडलेलं.

एमडीएफला दुसरी संधी नसते

प्लास्टिकच्या किंवा धातूच्या सैनिकाचा रंग बिघडला तर तो रंग काढायच्या द्रवात बुडवायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा, की झाला कोरा. एमडीएफचं तसं नाही. ते बुडवलं की फुगतं, आणि फुगलेलं पुन्हा बसत नाही. म्हणून या घरांच्या बाबतीत वरचा रंग नंतर बदलता येतो, पण पहिला थर मात्र एकदाच नीट बसवावा लागतो.

याचं कारण एमडीएफ बनतं कसं, यात आहे. लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये मिसळून उष्णता आणि दाब देऊन त्याचे तक्ते करतात. तक्त्याचा वरचा-खालचा पृष्ठभाग घट्ट असतो, आतला गाभा त्यामानाने सैल. कापलेल्या कडेला हा गाभा उघडा पडतो आणि रंग ढसाढसा पितो. त्यात लेझरने कड जाळलेली असते, म्हणजे वर काजळीही आली. म्हणूनच भिंत छान करडी दिसते, पण खिडक्यांच्या कडा तपकिरीच राहतात.

दुसरी भानगड पाण्याची. पाणी लागलं की तंतू फुगून उभे राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. २ मिलिमीटरच्या भिंतीला एकाच बाजूने पातळ रंग फासला, तर ती बाजू फुगते, दुसरी नाही. मग भिंत उन्हात टाकलेल्या पापडासारखी वाकते.

प्रायमरच्या आधी

सगळे भाग आधी गोंदाशिवाय जोडून बघा. छत आणि मजले सुटे राहणार असतील तर आतल्या भिंती आताच रंगवायच्या, नंतर ब्रश आत पोचत नाही. ज्या खाचा एकमेकांत बसतात, त्यांवर मास्किंग टेप लावा. एक तर रंगाच्या जाडीमुळे त्या आत जात नाहीत, आणि फेविकॉलसारखा गोंद कोऱ्या लाकडावरच घट्ट धरतो.

मग कडांवरची काजळी कोरड्या कापडाने पुसा आणि बारीक, ३२० किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. इथे मास्क लावाच. एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते आणि लाकडाची धूळ कर्करोगकारक मानली जाते. हे काम गॅलरीत करा, बेडवर बसून नको.

आता सील

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सॉल्व्हंटवाला स्प्रे प्रायमर, कारण त्यात पाणी नसतं. डबा दोनेक मिनिटं हलवा, २० ते ३० सेंटिमीटरवरून हात सरकता ठेवून पातळ थर द्या. वाळू द्या, मग दुसरा. दोन्ही बाजूंनी. कडांना एखादा जास्तीचा. एकच जाड थर दिलात तर लेझरने कोरलेल्या दगडांच्या रेषा बुजतात. आणि हो, धुळीचा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. मोकळी हवा हवी, जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको.

स्प्रे नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात सँडिंग सीलर मिळतो. तो ब्रशने लावा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा, मग पुन्हा एक हात. नुसत्या कडांसाठी पाणी घातलेलं फेविकॉलही चालतं, पण कोरीव भागावर ते साचू देऊ नका.

एका श्रोत्याने विचारलंय, "पावसाळ्यात काय करायचं?" मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये हवेत इतका ओलावा असतो की स्प्रेवर पांढुरकी झाक येऊ शकते. पाऊस उघडलेला कोरडा दिवस बघा. तो मिळत नसेल तर स्प्रे बाजूला ठेवून घरात ब्रशने सीलर लावा.

मग रंगाची मजा

दगडी भिंतीला आधी गडद करडा बेस. त्यावर ड्रायब्रश: ब्रशवर फिकट रंग घ्या, तो कागदावर जवळजवळ पुसून टाका आणि मग भिंतीवरून फिरवा. दगडांचे उंचवटे उजळतात. मधेमधे चार-पाच दगड पिवळसर, तपकिरी करा, म्हणजे भिंत एकसुरी दिसत नाही. छताला स्लेटचा निळसर करडा. शेवटी पातळ गडद वॉश. सील नीट असेल तर वॉश रेषांमध्ये उतरून सावली देतो. सील नसेल तर एमडीएफ तो जागच्या जागी शोषतं आणि भिंतीवर चक्क डाग पडतात. सगळं वाळलं की मॅट वार्निश, तेही कोरड्या दिवशीच.

जाता जाता एक फुकटची गोष्ट. किटमधले भाग काढल्यावर जी चौकट उरते ना, ती फेकू नका. तेच एमडीएफ, तशीच जळकी कड. प्रायमर, सीलर, वॉश, सगळं आधी त्या चौकटीवर करून बघा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी कड गुळगुळीत लागली तरच घराला हात लावा.

तुमच्या टेबलावर कोणतं घर उभं राहतंय, त्याचे फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!