अडीच हजारांचा फरक

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या एका आडगल्लीत कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे. 2025 च्या जुलैत भाच्याबरोबर तिथे गेले, तेव्हा त्याने वहीच्या पानावर यादी लिहून आणली होती. पन्नास हजारांत गेमिंगचा पीसी. मॉनिटर वेगळा, कारण तो त्याचे बाबा देणार होते. काउंटरमागच्या दादाने यादी वरून खाली वाचली, पेन काढलं आणि दोनच ओळी खोडल्या. रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट 5,200 रुपयांचं होतं. त्याजागी लिहिलं, जाळीचं साधं, 2,700. दुसरी ओळ पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची, 1,400 रुपये. तिथे लिहिलं, 3,900. "बेरीज तेवढीच राहते बघ," तो भाच्याला म्हणाला. "अडीच हजार दिव्यांतून काढले, एसएमपीएसमध्ये घातले."

भाच्याचा चेहरा पडला. दिव्यांचीच तर त्याला हौस होती. मला मात्र त्या माणसाबद्दल कुतूहल वाटलं. डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूवरचा खर्च कमी करून, पत्र्याच्या डब्याआड बसणाऱ्या वस्तूवर तो वाढवायला सांगणारा दुकानदार मी तरी पाहिला नव्हता. पीसी जोडताना बसून बघू का, असं विचारलं. "बसा ना ताई, स्टूल घ्या. फक्त पंखा बंद करू नका. पेस्ट लावताना बोर्डावर घाम पडायला नको."

भाचा शाळेत असल्यापासून पीएस फोर या कन्सोलवर खेळत होता. ते सोडायचं पहिलं कारण घरातला एकुलता एक टीव्ही. संध्याकाळी सात ते दहा आजीच्या मालिका, मग बाबांच्या बातम्या. दुसरं कारण व्हॅलोरंट. कॉलेजातले मित्र तोच गेम खेळतात, तो फुकट आहे आणि पीएस फोरवर आलाच नाही. 2024 मध्ये कन्सोलवर आला तोसुद्धा पीएस फाइव्ह आणि नव्या एक्सबॉक्सपुरता. मग पीएस फाइव्हच का नको? त्याचं स्लिम मॉडेल एप्रिल 2024 मध्ये भारतात 54,990 रुपयांना आलं. वर विकतच्या बहुतेक गेममध्ये मित्रांशी ऑनलाइन खेळायचं तर वर्गणी भरायची, आणि मोठ्या नव्या गेमची डिस्क पाच हजारांच्या घरात. पीसीवर ती वर्गणी नाही आणि सेलमध्ये जुने चांगले गेम काही शेकड्यांत मिळतात. शिवाय कॉलेजचे प्रोजेक्ट त्यावरच होणार, हा मुद्दा त्याने बाबांसाठी राखून ठेवला होता. एकाच गोष्टीचं त्याला वाईट वाटत होतं, जीटीए सिक्स या गेमचं. रॉकस्टारने तो पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्ससाठीच जाहीर केला आहे. आधी 26 मे 2026 ही तारीख दिली, नंतर ती 19 नोव्हेंबरवर गेली, पण पीसीचं नाव कुठेच नाही.

पीएस फोर हासुद्धा कॉम्प्युटरच. 6 जानेवारी 2014 ला तो भारतात 39,990 रुपयांना आला तेव्हा त्यात एएमडीची आठ कोअरची चिप होती आणि 8 जीबी मेमरी, जी प्रोसेसर आणि ग्राफिक दोघं वाटून घेतात. पण कोणता भाग कुठे बसणार, कोण किती वीज खाणार, हवा कुठून आत येणार, हे सगळं कंपनीच्या इंजिनिअरांनी आधीच ठरवलेलं. घेणाऱ्याने वायर जोडायची आणि खेळायला बसायचं. गेम बनवणाऱ्यांनाही समोरचं यंत्र नेमकं ठाऊक असतं, म्हणून इतक्या जुन्या यंत्रावरही ते एवढं सुंदर चित्र काढून दाखवतात. पीसीकडे वळणारा मुलगा हे ठरवायचं काम स्वतःवर घेतो, बहुतेकदा नकळत. भाच्याच्या यादीत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड नीट अभ्यास करून निवडलेले होते. वीज कोण पुरवणार, हा प्रश्न मात्र त्याला पडलाच नव्हता.

दादाने फळीवरून दोन खोकी काढली. पहिल्यावर ठळक अक्षरांत 450 वॉट. "आता बाजूचं बारीक वाच," त्याने भाच्याला सांगितलं. बारा व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर लिहिलं होतं. "गुणाकार कर." भाच्याने मोबाइलवर केला, 192 वॉट आले. "प्रोसेसर आणि कार्ड, दोघंही जगतात या बारा व्होल्टवर. तुझं आरएक्स 6600 एकटं 132 वॉटचं. प्रोसेसर 65 चा. झाले किती? आणि गेम अंगात आला की दोघं त्याच्याही वर जातात. पंखे, बोर्ड अजून धरलेच नाहीत." दुसऱ्या खोक्यावर 550 वॉट होतं आणि त्याच रकान्यात 44 अँपिअर, म्हणजे 528 वॉट. त्यावर 80 प्लस ब्राँझची खूण होती. 80 प्लसची खूण 2004 पासूनची; तिच्यातला ब्राँझचा दर्जा सांगतो की अर्धा भार असताना भिंतीतून घेतलेल्या विजेतली निदान 85 टक्के कामाला लागते, बाकीची उष्णता होऊन जाते. पहिल्या खोक्यावर अशी कोणतीच खूण नव्हती. "स्वस्तातला उडतो तेव्हा एकटा उडत नाही. जाताना बोर्ड नेतो, कधी कार्ड नेतो. अडीच हजार वाचवायला वीस हजारांचं कार्ड टांगणीला लावायचं का, तू सांग."

भाचा काही बोलला नाही. दादाने काउंटरखालून एक पुठ्ठ्याचं खोकं ओढलं. त्यात मेलेले एसएमपीएस होते, गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले. त्यातला एक उचलून त्याने भाच्याच्या नाकाजवळ धरला. "घे, वास घे." मग माझ्याकडे दिला. करपलेल्या प्लॅस्टिकच्या आड कुजकट, माशासारखा वास होता. वायरचं आवरण, प्लॅस्टिकचे कनेक्टर जास्त तापले की असा वास सुटतो. "नव्याला पहिले दोन दिवस वार्निशचा वास येतो, तो चालतो. हा आला की पहिलं मागचं बटण बंद. आई आत बोंबील तळत असेल तरी आधी बटण बंद कर, मग स्वयंपाकघरात जाऊन बघ." त्याने हे अजिबात न हसता सांगितलं. नंतर कितीदा तरी मी त्याला पाहिलं, दुरुस्तीला आलेला पीसी उघडायच्या आधी तो मागच्या पंख्याशी नाक नेतो. मीटर, स्क्रू ड्रायव्हर हे त्यानंतर.

माल दोन दिवसांत आला. उपनगरातल्या अशा दुकानांचा बराचसा माल अजूनही लॅमिंग्टन रोडहून येतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, बोलण्यात लॅमिंग्टनच. दुकानातला मुलगा पाठीला सॅक लावून जातो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतो आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत परततो. सॅकमध्ये कार्ड असताना सहाची गाडी पकडायची नाही, हा दादाचा नियम आहे.

प्रोसेसर होता रायझन 5 5600, 2022 सालचा. दादाने तो कडांना धरून उलटा केला. तळाशी 1,331 सोनेरी पिना, एकीला जरी बाक आला तरी तो बसत नाही. कोपऱ्यातला छोटा त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला, कडेची दांडी उभी केली आणि बोटं सोडून दिली. प्रोसेसर आपल्या वजनाने खाली गेला. "इथे दाबायचं नसतं. दाबावं लागलं तर चुकलंय समज." वाकलेल्या पिना सरळ करायला तो पेन्सिल वापरतो, लीडची, लीड काढून टाकलेली, तिच्या टोकाच्या नळीत पीन बरोबर बसते. हे काम त्याच्याकडे सारखं येतं. घरी साफसफाई करताना पोरं प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर खेचतात, दोघांमधल्या वाळलेल्या पेस्टला चिकटलेला प्रोसेसर दांडी बंद असतानाच उपटून येतो आणि पिना वाकतात. त्यावर उपाय साधा: आधी थोडा वेळ पीसी चालवून पेस्ट कोमट होऊ द्यायची, मग कूलर हलके पिळत सोडवायचा.

रॅम 16 जीबीची एक न घेता 8 च्या दोन घेतल्या होत्या, कारण दोन मार्गांनी माहिती गेली की गेमला फरक पडतो. मग कॅबिनेटला हातही न लावता त्याने बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला, कार्ड खोचलं, एसएमपीएसच्या वायरी जोडल्या. सुरू करायचं बटण अजून कॅबिनेटवरच होतं. त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक बोर्डाच्या कडेच्या दोन पिनांवर क्षणभर टेकवलं आणि पंखा फिरला. स्क्रीन काळीच. भाच्याने माझा हात धरला. दादा शांत. "थांब. पहिल्यांदा रॅम ओळखायला वेळ घेतो." अर्ध्या मिनिटाने अक्षरं उमटली. 3,200 च्या वेगाची म्हणून घेतलेली रॅम 2,400 वर चालत होती; ती सेटिंगमध्ये जाऊन वर आणावी लागते, आणि कित्येक पीसी ती न आणताच वर्षानुवर्षं चालतात. मग सगळं कॅबिनेटमध्ये गेलं, स्क्रू, वायरी, झाकण. तासभर त्याने पीसी पूर्ण ताकदीने पळवला आणि अधूनमधून मागे जाऊन हवा हुंगून आला.

या सगळ्याचे त्याने घेतले पाचशे रुपये. "फिटिंगचे पाचशे," बिलाच्या शेवटच्या ओळीत. चाळिशीचा हा माणूस मुलुंडच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकला, जुने डबा टीव्ही दुरुस्त करायचा. ते टीव्ही गेले तसा इकडे वळला. पाचशे फार कमी आहेत, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "वाढवले की गिऱ्हाईक म्हणतं, ऑनलाइन फिटिंग फुकट आहे." मला हे पटत नाही. यादीतल्या दोन ओळी खोडण्याची अक्कल, ती हुंगायची सवय, लीड काढलेली पेन्सिल, हे सगळं फुकट धरलं जातं, कारण त्याच्यावर एमआरपी छापलेली नसते. सुट्या भागांवर त्याला सुटतं ते थोडकंच. पोरं भाव मोबाइलवर बघूनच येतात.

पीसी घरी लावायला तो स्वतः आला, आणि खरी अडचण तिथे निघाली. बहिणीची इमारत जुनी, रीडेव्हलपमेंटच्या वाटेवरची. दादाने खोलीतल्या प्लगमध्ये मीटर घातला. फेज आणि न्यूट्रलमध्ये 234 व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये धड काहीच नाही. "तिसऱ्या भोकात वायरच नाही, ताई. नुसतं भोक आहे." पीएस फोरला त्याने काही बिघडलं नव्हतं, कारण त्याची वायरच दोन पिनांची. पीसीचं तसं नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर उतरते, अर्थिंग असलं तर जमिनीत जाते, नसलं तर पत्र्याला हात लावणाऱ्याला झिणझिण्या देते. आणि आत कधी खरंच बिघाड झाला तर अर्थिंगच्या वायरमुळेच फ्यूज उडतो, माणूस वाचतो. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीला अदानी नाहीतर टाटा. पण कोणाचीही असो, कंपनी येते मीटरपर्यंत. आतलं वायरिंग ज्याचं त्याने बघायचं. पीसी घ्यायच्या गप्पांत मी पन्नास वेळा ग्राफिक कार्डाचं नाव ऐकलं होतं, अर्थिंगचा शब्द एकदाही नाही. वायरमन बोलावून मीटरपासून हिरवी वायर ओढून घेतली, 1,800 रुपये गेले. वायर ओढून होईपर्यंत दादाने पीसी सुरू करू दिला नाही. भाचा तासभर कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला होता.

आता तो खेळतोय. पीएस फोरचा कंट्रोलर केबलने जोडला की पीसीवर स्टीम ॲपमध्ये चालतो, हे कळल्यावर त्याला फार आनंद झाला. तिथले सेव्ह आणि ट्रॉफी मात्र तिथेच राहिल्या, त्या इकडे येत नाहीत. दिव्यांबद्दल त्याने पुन्हा काही काढलं नाही.

मी दुकानात अजून जाते. वर्षाअखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी, कारखान्यांचा माल तिकडे वळला. डिसेंबर 2025 मध्ये तर मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाच्याला 3,400 ला मिळालेली जोडी दादाच्या दुकानात दुपटीच्या वर गेली. तेव्हा भांडुपचा एक मुलगा आला होता, त्यालाही कन्सोल सोडायचा होता, बजेट तेच पन्नास हजार. रॅमचे वाढीव पैसे काढायला त्याने हलका एसएमपीएस मागितला. दादाने सरळ नाही म्हटलं. "रॅम जुनी घे. तिच्यात झिजण्यासारखं काही नसतं, तपासून देतो. कार्डसुद्धा जुनं चालेल, फक्त मायनिंगचं नको." इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग 15 सप्टेंबर 2022 ला थांबलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, अजूनही एखादं हाताला लागतं, पंख्याचं बेअरिंग गेलेलं, वॉरंटी संपलेली. "एसएमपीएस नवाच. हे पटत नसेल तर दुसरीकडे जा, मी रागावणार नाही."

मुलगा बाहेर जाऊन वडिलांशी फोनवर बोलला आणि परत आला. दादाने त्याच्यासाठी जुन्या रॅमच्या दोन जोड्या मागवल्या आणि दोन्ही रात्रभर तपासणीला लावल्या. सकाळी एका जोडीत चुका निघाल्या. ती त्याने दुपारच्या गाडीने दुकानातल्या मुलाबरोबर ग्रँट रोडला परत पाठवली.