शुश्रूषागृहाची पारख : व्याख्या, नोंद आणि उत्तर

एखाद्या शुश्रूषागृहाची प्रत आणि तेथील सुरक्षितता कशी पारखावी, हा प्रश्न वैद्यकाचा किंवा समाजकार्याचा होय. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने त्यात का पडावे, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु अशा गृहाची तपासणी ज्या साधनांनी होते ती पाहिली, म्हणजे त्यांतील बहुतेक साधने शाब्दिक असल्याचे दिसून येते. कायद्यातील व्याख्या, नोंदवहीतील वाक्य, तपासणी करणाराचा प्रश्न आणि वृद्धाचे उत्तर, ह्या चारही ठिकाणी शब्द फसवू शकतात. आणि त्या फसगतीचे मोल अंथरुणाला खिळलेल्या माणसाला द्यावे लागते. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून ह्या पारखीचे स्वरूप सांगण्याचा विचार आहे.

आरंभी नावाचाच विचार करू. ‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ ह्या संस्कृत धातूचे इच्छार्थक रूप; मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञापालन, मग सेवा, आणि शेवटी रुग्णाची देखभाल असा अर्थविस्तार झाला. मराठीत व्यवहारात हा शेवटचा अर्थ तेवढा उरला. (आमचे विद्यार्थी ‘सुश्रुषा’ असे लिहितात, तेव्हा धातूही जातो आणि ऐकणेही जाते!) ‘नर्सिंग होम’ ह्या शब्दाची गंमत निराळीच आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा अर्थ जराजर्जर माणसांच्या दीर्घकालीन निवासाचे स्थान असा होतो. आपल्याकडे मात्र तो लहान खाजगी रुग्णालयाला, विशेषतः प्रसूतिगृहाला चिकटला. आपण ज्याचा विचार करीत आहो त्याला लोक ‘वृद्धाश्रम’ म्हणतात, आणि त्या शब्दात शुश्रूषा कोठेच नाही.

हा केवळ कोशकाराचा प्रश्न नव्हे. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी अधिनियमात आजार, इजा किंवा दौर्बल्य असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा पुरविण्याची जागा, अशा अर्थाची व्याख्या आहे. ‘दौर्बल्य’ हा शब्द तेथे स्पष्टपणे घातलेला आहे. ह्या शब्दार्थाने पाहता, ज्या वृद्धाश्रमात नळीने लघवी काढली जाते, व्रण धुतले जातात, इन्सुलिन टोचले जाते, ते स्थान ह्या व्याख्येच्या उंबरठ्यावर तरी येतेच. पण पाटीवर ‘आश्रम’ असल्यामुळे ते आरोग्यखात्याच्या नजरेत सहसा भरत नाही.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाह व कल्याणविषयक अधिनियमाचे कलम १९ ही विद्यार्थ्यांनी क्रियापदांकडे लक्ष ठेवून वाचावे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, आणि किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्य सरकार स्थापन ‘करू शकेल’, असे तेथे म्हटले आहे. पुढच्याच कलम २० मध्ये रुग्णालयांतील खाटा आणि वेगळ्या रांगा ह्यांविषयी बोलताना मात्र क्रियापद आज्ञार्थाचे आहे. एक शक्यार्थ आणि एक विध्यर्थ, एवढाच व्याकरणातील भेद; परंतु जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रम असणे न असणे त्या भेदावर अवलंबून राहते.

प्रत मोजण्याच्या शास्त्रात १९६६ साली अवेदिस डोनाबेडियन ह्यांनी केलेली त्रिविध विभागणी आजही प्रमाण मानली जाते: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. इमारत, माणसे, उपकरणे ही रचना. प्रत्यक्ष केली जाणारी सेवा ही प्रक्रिया. आणि वृद्धाच्या प्रकृतीत दिसणारा फरक हा परिणाम. रचना डोळ्यांना दिसते म्हणून तपासणी करणारे बहुधा तेथेच थांबतात: फरशी स्वच्छ, भिंतीला रंग, देवघर, दूरदर्शन संच. हे सर्व असून माणूस उपाशी राहू शकतो.

तरीही रचनेतील एका गोष्टीवर थांबणे भाग आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विशेष कक्षाला आग लागून दहा अर्भके दगावली. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. त्यामुळे ही घटना इकडे कोणाला परकी वाटली नाही. अर्भक आणि अंथरुणाला खिळलेला वृद्ध ह्यांची स्थिती आगीपुढे सारखीच. दोघांनाही स्वतः उठून जाता येत नाही. म्हणून ‘अग्निशामक नळकांडी आहे काय’ हा प्रश्न अपुरा होय. रात्री दोन वाजता किती माणसे जागी असतात, त्यांतील प्रत्येकाला किती वृद्ध उचलून न्यावे लागतील, बाहेरचे दार कुलूपबंद असेल तर किल्ली कोणाच्या कमरेला असते, हे विचारावयास हवे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियमानुसार अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलै महिन्यात सादर करावयाचे असते. ते मागून पाहावे. पण प्रमाणपत्र कागद आहे, आणि किल्ली लोखंडाची आहे.

आता नोंदवहीकडे वळू. माझ्या अभ्यासविषयाचा येथे खरा संबंध येतो, आणि थोडा खाजगीही. माझ्या आत्याबाई आयुष्याची शेवटची काही वर्षे जिल्ह्याबाहेरील एका गृहात होत्या. त्यांच्या माकडहाडावर शय्याव्रण झाल्याचे कळल्यावर मी तेथील वही पाहावयास मागितली. ‘कूस बदलण्यात आली’ असे वाक्य दर दोन तासांच्या अंतराने, एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, रात्रंदिवस लिहिलेले होते. आठवडाभर एकच माणूस झोपलाच नव्हता, असे त्या वहीवरून सिद्ध होत होते!

‘देण्यात आले’, ‘बदलण्यात आली’ ह्या प्रयोगात कर्ता ‘कडून’ लावून आणता येतो, पण आणावाच लागत नाही. कार्यालयीन मराठीने हा प्रयोग उचलला तो ह्याच सोयीसाठी. ‘औषध देण्यात आले’ ह्या वाक्यातून कोणी दिले, किती वाजता दिले, ते गिळले गेले की गालात राहिले, ह्यांपैकी काहीच कळत नाही. ‘आजी पडल्या’ हे अकर्मक क्रियापदही असेच आहे. पडणे जणू पाऊस पडावा तसे घडते. चांगल्या नोंदीत जागा, वेळ, त्या वेळी काय चालले होते, दिवा होता की नव्हता, पायांत काय होते, आदल्या दिवशी झोपेचे किंवा रक्तदाबाचे औषध बदलले होते काय, आणि प्रथम कोणी पाहिले, हे सर्व येते. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ज्या गृहाच्या वहीत वर्षभरात एकही पडण्याची नोंद नाही ते गृह सुरक्षित समजू नये. पंचवीस-तीस वृद्ध असलेल्या घरात कोणीच पडत नाही, हे संभवनीय नाही. तेथे लिहिणारा पडला आहे.

शय्याव्रणाचा धोका अजमावण्यासाठी १९८७ पासून ब्रेडन ह्यांची मोजपट्टी वापरतात. तीत संवेदना, ओलावा, हालचाल, चालणे, आहार आणि घर्षण अशा सहा बाबींना गुण देतात, व गुण जितके कमी तितका धोका अधिक. व्रणाची पहिली पायरी त्वचेची लाली, असे पुस्तके सांगतात. सावळ्या त्वचेवर ती लाली दिसत नाही. तेथे हात लावून ऊब किंवा कडकपणा पाहावा लागतो. दैनंदिन क्रियांसाठी १९६३ ची कॅट्झ ह्यांची सहा बाबींची सूची पुरेशी आहे: स्नान, कपडे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा, आणि जेवण. दाखल होताना ह्या सहांपैकी किती स्वतः करीत होते आणि सहा महिन्यांनी किती करतात, ही तुलना पाहावी. अर्थात वय आणि आजार आपले काम करतातच. पण चालत आलेली माणसे एकामागून एक खाटेवर गेलेली दिसली, तर कारण विचारलेच पाहिजे.

राहिला प्रश्न विचारण्याचा. ‘कसं आहे आजी?’ ह्या प्रश्नाला ‘बरं आहे’ हेच उत्तर येते. मॅलिनॉव्स्की ह्यांनी १९२३ मध्ये ज्याला केवळ संबंध राखण्यासाठी केलेले बोलणे म्हटले, त्याचा हा नमुना. त्यात माहिती नसतेच. शिवाय शेजारी संचालक उभे असतात. अशा उत्तरांची टक्केवारी काढून ‘समाधानी’ असा रकाना भरणे म्हणजे नमस्कार मोजण्यासारखे आहे. त्याऐवजी घडलेले विचारावे: काल रात्री कोणत्या भाजीशी जेवलात, शेवटची अंघोळ कोणत्या वारी झाली, हाक मारल्यावर कोण येते. वेदना शून्य ते दहा अंकांत सांगा म्हटले की वृद्ध गोंधळतात. पण ‘आता चार आणे राहिलंय’ असे तीच माणसे सहज सांगतात. आणे १९५७ च्या दशमान नाण्यांनंतर हळूहळू चलनातून गेले, बोलण्यातून गेले नाहीत. सोळा आण्यांची ही आयती मोजपट्टी कोणी वापरीत नाही, ह्याचे मला नवल वाटते.

गोंदिया जिल्ह्यात ह्याहून मोठी अडचण आहे. बालाघाट आणि राजनांदगावच्या सीमेवरील ह्या भागात झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी शेजारी शेजारी नांदतात. देवरी-सालेकसा भागातील गोंडी तर द्राविड कुळातील भाषा. स्मृतिभ्रंशात अनेकदा नंतर शिकलेली भाषा आधी ढासळते आणि बालपणीची उरते. चाळीस वर्षे मराठीत व्यवहार केलेली स्त्री गोंडीत पाणी मागू लागते, आणि वहीत ‘असंबद्ध बडबड’ अशी नोंद होते. बुद्धीच्या चाचण्यांचीही हीच गत. १९७५ च्या प्रसिद्ध इंग्रजी चाचणीत वाक्य वाचावयास व लिहावयास सांगतात. निरक्षर शेतकऱ्याचे गुण त्यात आजाराशिवायच कमी होतात. ह्याच कारणाने बल्लभगढच्या ग्रामीण लोकांसाठी १९९५ मध्ये तिचे हिंदी रूपांतर वेगळे बेतण्यात आले. बोलता येईनासे झाल्यावर वेदना श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची ठेवण आणि धीर दिल्याने येणारी शांतता ह्यांवरून वाचता येतात. २००३ ची एक मोजपट्टी ह्याच पाच बाबींची आहे. तिला भाषा लागत नाही; पण जवळ बसणारा माणूस लागतो.

संबोधनांबद्दल दोन शब्द. सेविकेला ‘मावशी’ म्हणण्याची आपली रीत प्रेमळ खरी. पण नात्याच्या त्या शब्दाआड प्रशिक्षण किती आणि पगार किती हे दोन्ही प्रश्न झाकले जातात, म्हणून ते स्वतंत्रपणे विचारावेत. उलट, सेविका आजीला ‘तू’ म्हणते ह्यावरून अनादराचा निष्कर्ष काढू नये. आपण आईला ‘तू’च म्हणतो. पाहावयाचे ते हे की ती अंग पुसण्यापूर्वी सांगते काय, आणि ‘नको’ म्हटल्यावर थांबते काय.

भेटीला जावे तर न कळवता, जेवणाच्या वेळी जावे, आणि एकदा रात्री आठनंतर. भरवणारीच्या हातातला घास मागचा गिळला जाईपर्यंत थांबतो का, ते पाहावे. पाण्याचा पेला खाटेवरून हात पोचेल अशा जागी ठेवलेला आहे की खिडकीत, हेही पाहावे. मे महिन्यात तर तेच आधी.