पित्ताची वाट बदलली की…

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचे सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये ६०८ अतिलठ्ठ रुग्णांच्या जठर-बायपासचा अहवाल प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया वजनासाठी होती, पण त्यांच्यातल्या सुमारे ८३ टक्के मधुमेहींची साखर नॉर्मलला आली आणि तिथेच टिकली. अनेकांची तर वजनाचा काटा फारसा हलण्याआधीच, काही दिवसांत. शस्त्रक्रियेनंतर खाणे जवळपास बंद असते, त्यानेही साखर उतरते. तरी तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून संशोधक आतड्यात शिरले.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि ती लहान आतड्याला खालच्या बाजूला जोडतात. अन्न एका वाटेने उतरते, पित्त दुसरीने. दोघांची गाठ नेहमीपेक्षा बरीच पुढे पडते.

पित्ताम्ले म्हणजे चरबी विरघळवणारा साबण, एवढेच आपण शाळेत शिकलो. यकृत ती कोलेस्टेरॉलपासून बनवते आणि लहान आतड्याच्या शेवटी त्यांतली ९५ टक्के शोषली जाऊन यकृतात परततात. उरलेली मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतात. कोलिक आम्लाच्या सातव्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते. काही जिवाणू तेवढीच काढून टाकतात आणि डीऑक्सिकोलिक आम्ल तयार होते. बदल एवढासा, पण शरीर तो ओळखते. कारण पेशींमध्ये पित्ताम्लांसाठी खास ग्राहक-प्रथिने आहेत. त्यांपैकी एफएक्सआरची ही ओळख १९९९ मध्ये पटली, पाठोपाठ टीजीआर५ ची. आतड्यातल्या पेशींवरचे टीजीआर५ जागे झाले की जीएलपी-१ हे संप्रेरक सुटते आणि स्वादुपिंड जोमाने इन्सुलिन सोडते. सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन याच संप्रेरकाची नक्कल करते.

उंदरांवरचे पुरावे थक्क करणारे आहेत. बॉस्टनमध्ये २०१३ साली बायपास केलेल्या उंदरांचे जिवाणू जंतुरहित उंदरांच्या पोटात सोडले, तर शस्त्रक्रियेविनाच त्यांचे वजन घटले. सिनसिनाटीच्या गटाने २०१४ मध्ये एफएक्सआर नसलेल्या उंदरांवर स्लीव्ह शस्त्रक्रिया, म्हणजे जठर कापून ते नळीसारखे अरुंद करणारी शस्त्रक्रिया, केली. जठर तेवढेच कापले, पण घटलेले वजन परत आले आणि साखरही सुधारली नाही. म्हणजे केवळ जठर लहान केल्याने काम भागत नाही. पुढे हार्वर्डच्या संशोधकांना स्लीव्हनंतर कोलिक आम्लाचे एक सल्फेट-रूप वाढलेले दिसले, उंदरांतही आणि माणसांच्या विष्ठेतही. ते यकृतात बनते, पण त्यासाठीचा इशारा जिवाणूंनी तयार केलेल्या लिथोकोलिक आम्ल या आणखी एका पित्ताम्लाकडून येतो. हे रूप टीजीआर५ ला चेतवते, आतड्यातून फारसे बाहेर जात नाही आणि उंदरांची साखर खाली आणते. औषधाच्या दृष्टीने मला सर्वांत आशा वाटते ती याच रेणूबद्दल.

माणसांत मात्र एक अडचण आहे. सेंट लुईसच्या संशोधकांनी २०२० मध्ये २२ मधुमेहींची तुलना केली. ११ जणांनी बायपासने, ११ जणांनी आहाराने सारखेच, सुमारे १८ टक्के वजन घटवले. पित्ताम्ले आणि जिवाणू बायपासवाल्यांत जास्त बदलले, पण इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद दोन्हीकडे सारखाच सुधारला. अभ्यास छोटा असला तरी तो डावलता येत नाही. माझ्या मते माणसांत मोठा वाटा घटलेल्या वजनाचाच आहे. परंतु नुसत्या आहाराने १८ टक्के वजन उतरवून ते वर्षानुवर्षे टिकवणे फार थोड्यांना जमते. बायपासनंतर ते जमते, कारण भूकच मंदावते आणि त्यात आतड्यातून येणाऱ्या संप्रेरकांचा हात आहे.

आता आपल्याकडे वळू. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. आशियाई लोकांना मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) मर्यादा २.५ ने खाली आणली. औषधांनी साखर आवरत नसेल, तर २७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. मात्र शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि काहींचा मधुमेह काही वर्षांनी परततो, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यायला हवे.