शिष्यवृत्तीविना फुटबॉल

मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1,07,601 प्रेक्षक बसतात. पण अमेरिकी कॉलेज फुटबॉल एवढ्यावरच संपत नाही. 'एनसीएए' या कॉलेज क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत चारशेहून अधिक कॉलेजं आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला नियमानेच मनाई आहे. मुलं अभ्यास सांभाळून, केवळ आवडीपोटी खेळतात.

मिनेसोटातलं सेंट जॉन्स हे त्यांतलं एक, बेनेडिक्टाइन मठवासीयांनी उभारलेलं कॉलेज. त्याचं क्लेमेन्स स्टेडियम नैसर्गिक खोलगट जागेत, झाडांच्या वेढ्यात आहे. जॉन गॅग्लिआर्डी यांनी 1953 ते 2012 अशी साठ वर्षं इथे प्रशिक्षण दिलं. सरावात अंगावर झेपावून पाडापाडी नाही, शिट्टी नाही, वजनं उचलायची सक्ती नाही. 'कोच' म्हणायचं नाही, नुसतं 'जॉन' म्हणायचं! या रांगड्या खेळात असं कुणी जिंकेल यावर विश्वास बसत नाही; पण आधीच्या कॉलेजातले धरून त्यांच्या नावावर 489 विजय आहेत. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे विजय दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाचे नाहीत.

छोट्या कॉलेजांच्या सामन्यांना गर्दी होत नाही, हेही खरं नाही. 2017 मध्ये प्रतिस्पर्धी कॉलेज सेंट थॉमस विरुद्ध सेंट जॉन्स हा सामना मिनीॲपोलिसच्या बेसबॉल मैदानावर झाला, तेव्हा 37,355 प्रेक्षक आले होते. पुढे सेंट थॉमस इतरांना फारच भारी पडतं म्हणून त्याला स्पर्धागटाबाहेर काढण्यात आलं. 2021 पासून ते थेट पहिल्या श्रेणीत खेळतं.