रेडिओची जुळणी आणि सिग्नल जनरेटरची पारख

जुन्या रेडिओला आवाज आहे पण जोर नाही, एक केंद्र दुसऱ्यावर चढते, काटा एकीकडे आणि केंद्र भलतीकडेच, अशी तक्रार घेऊन पुष्कळ मंडळी येतात. व्हॉल्व्ह तपासून झालेले असतात, दाबही बरोबर भरतो. अशा वेळी संचातला कोणताच भाग मेलेला नसतो; ते भाग परस्परांच्या सुरात राहिलेले नसतात, एवढेच. कारागीर त्या दुरुस्तीला अलाइनमेंट म्हणतात. आपण जुळणी म्हणू.

रेडिओसंच १०४४ किलोहर्ट्झचे केंद्र पकडतो तेव्हा त्याच्या पोटातला आंदोलक स्वतःची १४९९ ची लहर निर्माण करीत असतो. दोन्ही मिसळल्या की ४५५ चा फरक उरतो. केंद्र बदलले तरी फरक तोच राहावा अशी योजना असते, आणि संचाचा बहुतेक जोर या एका आकड्यावरच काढलेला असतो. १९१८ च्या सुमारास आर्मस्ट्राँगने काढलेली ही युक्ती अजून चालू आहे. तो आकडा ढळला की सारे ढळते. काही जुन्या विलायती संचांत ४५५ ऐवजी ४६५ किंवा ४७० असतो, म्हणून नकाशा पाहिल्यावाचून पेचकस उचलू नये.

मग चालू केंद्रावर कान ठेवून जुळणी का करू नये? कारण संचात आवाज सारखा ठेवणारी स्वयंचलित योजना असते. केंद्र जोरात असले की ती आपणहून जोर कमी करते, आणि आपण गाभा फिरवला तरी कानाला फरक कळत नाही. टेबलावर आपल्या मर्जीचे, हव्या त्या आकड्याचे आणि हवे तेवढे क्षीण असे एक छोटे केंद्र पाहिजे. सिग्नल जनरेटर म्हणजे तेच.

यंत्र घेताना लोक तबकडीवर किती मेगाहर्ट्झ छापले आहेत ते पाहतात. मी ते शेवटी पाहीन. यंत्र किती हळू बोलू शकते, ही पहिली परीक्षा. जुईनगरहून हार्बर गाडीने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या भडकमकर मार्गाला, जुने यंत्र पाहावयास जाल तेव्हा पिशवीत एक लहान ट्रान्झिस्टर न्या. यंत्र १००० वर लावा, ट्रान्झिस्टरही तिथेच लावा. आता केबल काढून घ्या आणि जोराची कळ शून्यावर आणा. दोन हातांवरूनही सूर स्पष्ट ऐकू येत असेल, तर पेटी गळकी आहे. ती कितीही देखणी असली तरी परत ठेवावी. नंतर तबकडी सावकाश फिरवा. सूर मध्येच उडी मारीत असेल तर घासाघीस करण्यास जागा आहे, कारण तो दोष बहुधा दुरुस्त होतो.

तबकडीवर विश्वास मात्र परीक्षेनंतरच ठेवावा. ५५८ आणि १०४४ हे मुंबई आकाशवाणीचे आकडे जुन्या श्रोत्यांच्या ओळखीचे आहेत. १०४४ चे प्रक्षेपण लागत असेल तेव्हा ते लावा, जनरेटरचा सूर बंद करून नुसती वाहक लहर ठेवा आणि त्याची तबकडी ५२२ जवळ न्या. त्याच्या लहरीची दुप्पट १०४४ होते, म्हणून संचात शिटी ऐकू येईल. ती खाली उतरत जिथे नाहीशी होईल ते खरे ५२२. तसेच ३४८ ला, कारण त्याची तिप्पट १०४४ आहे. या दोन खुणांच्या मध्ये ४५५ येतो. दोन्हीकडे तबकडी किती चुकते ते पाहून ४५५ ची चूक अंदाजता येते. आज छोटा कंप्रतामापक स्वस्तात मिळतो, तो जोडला की काम सोपे होते. पण शिटीच्या रीतीला पैसा लागत नाही.

दुरुस्तीत पहिला शत्रू हवा. जुईनगरला खाडीची दमट, खारट हवा आणि वर चार महिन्यांचा पाऊस. बदलत्या कंडेन्सरच्या आसाला टेकणारी पितळी पट्टी आणि पट्टे बदलणारा स्विच यांवर मळ चढतो. आकड्याच्या उड्या तिथूनच येतात. साफ करणारे द्रव थेंबभर, बेताने वापरावे. सुरात घरघर असेल तर वीजपुरवठ्यातला फिल्टर कंडेन्सर सुकला आहे असे समजावे. मुख्य विजेपासून पेटीकडे जाणारे जुने कागदी कंडेन्सर तर न तपासताच बदलावेत, कारण ते गळू लागले की पेटीला हात लावताच झटका बसतो. जोर कमी करणाऱ्या भागातील रोध कोणी चुकून संचाच्या उच्च दाबावर जोडून जाळलेले असतात, तेही पाहावे. कॉइलींना हात लावू नये. कारखान्यात मिळवलेला सूर तिथेच असतो. तो गेला तर यंत्र गेले.

जुन्या ए.सी.-डी.सी. संचाचा सांगाडा थेट विजेला जोडलेला असू शकतो. अशा संचाला विलग करणारा ट्रान्सफॉर्मर लावूनच जनरेटर जोडावा. यात हयगय म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आता ठाण्याच्या कारखान्यात तयार झालेला एखादा मर्फी समोर आहे असे समजा. प्रथम ४५५ वर, कान देऊन ऐकावा लागेल इतक्या क्षीण सुरावर, मधल्या कॉइली शिगेला आणाव्यात. मग ६०० वर आंदोलकाच्या कॉइलचा गाभा आणि १४०० वर ट्रिमर. एक फिरवला की दुसरा थोडा ढळतो, म्हणून तीन-चार वेळा आलटून पालटून करावे. दोन्हीकडे काटा हलेनासा झाला की गाभ्यावर मेणाचा एक थेंब सोडून संच बंद करावा.